शिवांगीच्या दातांविषयी, लेखी

धार, रविवार, दुपारचा एक वाजून गेला

तीर्थस्वरूप सौ. अक्कांस,

धारहून धाकट्या गोपाळचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता देवासच्या टेकडीच्या पायऱ्यांशी भांडायचे सोडून मुकाट्याने रोप-वेत बसू लागले, हे ऐकून बरे वाटले. दाजीसाहेबांची साखर ताब्यात असेल अशी आशा आहे. (लग्नघरात ती कुणाच्याच ताब्यात नसते, पण विचारायची पद्धत आहे.) इकडे जया बरी आहे आणि तुला नमस्कार सांगते. मीही बरा आहे, फक्त पुढच्या दाताचा एक कोपरा सोडून, आणि त्याची हकीकत खाली येतेच आहे.

तू फोनवर बजावलेस, "गोप्या, तू फोनवर हो-हो करतोस आणि खिडकीबाहेर बघत बसतोस. लग्नाची गोष्ट आहे, मला लेखी कळव." म्हणून लेखी. (तू हे बोललीस तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो, हेही लेखी कबूल करतो. समोरच्या कडुनिंबावर एक पोपट फार विचारात बसला होता.) विषय असा, की चि. शिवांगीच्या पुढच्या दोन दातांमधली फट बुजवायला दातांवर जो पातळ पापुद्रा चिकटवतात, ज्याला व्हिनिअर म्हणतात, तो कुठल्या जातीचा घ्यावा. लग्न एकवीस दिवसांवर आले. साखरपुड्यात विहीणबाई, म्हणजे भवानीबाई, तुला पेढा भरवता भरवता हळूच म्हणाल्या, "मुलगी लाखात एक आहे हो, दातांचं तेवढं बघून घ्या, फोटोत दिसतं." तेव्हापासून तुझी झोप गेली आणि येत्या गुरुवारची इंदूरच्या डॉक्टरांची वेळ ठरली. माझा दात आधीच तुटलेला असल्यामुळे मी पुढे होऊन माहिती काढावी, मामाच्या दातावर प्रयोग आणि भाचीच्या दातावर निकाल, अशी तू योजना केलीस. योजना उत्तम होती. फक्त माणूस चुकीचा निवडलास.

आधी दाताचे सांगतो. गेल्या महिन्यात मी मांडूला चित्रे काढायला गेलो होतो. निवृत्त ड्रॉइंग मास्तरला दुसरे काय काम? जहाज महालासमोर तळ्याच्या काठी कागद पसरून बसलो. पाणी इतके स्थिर होते की महाल वर आहे की खाली, हे मला काही वेळ कळेना. शेजारी एक बाई गोरखचिंचेची फळे फोडून विकत होती. तो पांढरा, आंबट गर तोंडात विरघळतो आणि मध्ये बी राहते, हे आपण लहानपणापासून जाणतो. पण त्याच वेळी एक ढग पाण्यातल्या महालावरून असा काही सरकला, की महालच हळूहळू निघाला आहे असे वाटले, आणि मी त्याला निरोप दिल्यासारखे दात आवळले. कट् असा आवाज आला. मला वाटले बी फुटली. बी शाबूत होती. ती मी जपून ठेवली आहे, डॉक्टरांनाही दाखवली.

डॉक्टर म्हणजे आपल्या चौपाटीजवळची डॉ. कृतिका. ती आठवीत माझ्याकडे चित्रकलेला होती आणि मी तिच्या चंद्राचे दोन मार्क कापले होते, कारण तिने तो अगदी कोरा पांढरा सोडला होता. हे तिने मला खुर्चीत आडवे करून, तोंडात आरसा घालून, मग सांगितले. (त्या अवस्थेत माणूस काय बाजू मांडणार?) मी "आ" एवढेच म्हणू शकलो, तो तिने माफीनामा समजून घेतला. मग तिने सगळे समजावले, आणि मी तुझ्या आज्ञेप्रमाणे वहीत लिहून घेतले.

जाती मुख्य दोन. एक पोर्सिलेनची, म्हणजे चिनी मातीच्या जातीची. आधी दात पुढून जरासा घासायचा, मग त्याचा साचा इंदूरला पाठवायचा, तिथे कारागीर तसाच पापुद्रा घडवतात, आठ-दहा दिवसांनी तो येतो आणि चिकटतो. देखणा, गुळगुळीत, चहाचा डाग धरत नाही, नीट जपला तर दहा-पंधरा वर्षे जातो. दुसरी कॉम्पोझिटची. ती डॉक्टर तिथल्या तिथे लोण्यासारखी दातावर लावते, आकार देते, निळा दिवा दाखवून कडक करते. एका बैठकीत काम होते, खर्च कमी, टवका उडाला तर पुन्हा लावता येतो, पण पाच-सात वर्षांत रंग उतरतो आणि हळद-चहाशी तिचे फार जमत नाही. मी मनात लगेच त्यांचे तुमचे देवास संस्थान केले. पोर्सिलेन ती थोरली पाती, कॉम्पोझिट ती धाकटी पाती. एकाच गावात दोन राज्ये, दोन गाद्या, दोन दरबार, आणि परका माणूस रस्त्यात उभा राहून विचारतोय, मुजरा कुठे करू? शिवाय एक तिसरी जात आहे, उडदाच्या पापडाहून पातळ, तिला दात घासावा लागत नाही किंवा अगदी नावाला लागतो, पण ती प्रत्येक दाताला बसत नाही. ती आपल्या नात्यातल्या त्या मंडळींसारखी, ज्यांना दोन्ही दरबारांत खुर्ची असे आणि निकड पडली की घरी कुणी सापडत नसे.

आता रंग. तुला वाटेल, दात पांढरे, रंग कसला? अक्का, दाताला सोळा रंग असतात. कृतिकाकडे त्यांची एक पट्टी आहे, पंख्यासारखी उघडते, आणि प्रत्येक काडीच्या टोकाला एकेक सुटा दात. मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की पांढरा असा रंगच नसतो, आणि इथे त्याचा पुरावा एका कडीत ओवलेला. मी म्हणालो, रंग उजेडात बघावा, ट्यूबलाइट खोटे बोलते. ती म्हणाली, बघा ना सर. मी पट्टी घेऊन बाहेर आलो. बाहेर ऊन फार सुंदर पडले होते. समोर एक दूधवाला किटली उलटी करत होता, ते दूध दुसऱ्या काडीशी तंतोतंत जुळले. तिथून मी रव्याच्या दुकानावर गेलो, रवा पाचव्या काडीचा. मग राजघराण्याच्या समाधी-छत्र्यांकडे गेलो, तिथल्या दगडाला चुना लावलेला भाग अकराव्या काडीचा निघाला, आणि एक म्हातारा पोपटवाला हसला तो सोळाव्याच्याही पलीकडचा. तलावावर पोचलो तेव्हा एक बगळा उतरला. त्याच्याजवळ पट्टी नेईपर्यंत तो उडाला, पण माझ्या अंदाजाने पहिली काडी. संध्याकाळी घरी आलो तर जया दारातच. "अहो, दवाखान्यातून चार फोन आले. दात कुठे आहेत विचारत होते. मी म्हटलं, तोंडात असतील." दुसऱ्या दिवशी पट्टी परत केली. प्रत्येक काडीपुढे काय काय जुळले याची यादी सोबत जोडली. कृतिकाने ती भिंतीवर लावली आहे, त्यामुळे तुझ्या भावाचा एक कागद धारच्या दवाखान्यात चौकटीत आहे हे तू विहीणबाईंना सांगू शकतेस.

प्रयोग बुधवारी झाला. कायमचे काही करण्याआधी तात्पुरता लेप लावून दोन-तीन दिवस वागून बघायचे, अशी सोय असते. मी म्हटले, तुटका कोपराही भर आणि मधली फटही बुजव, म्हणजे भाचीला काय वाटेल ते कळेल. आपली फट तू जाणतेस. आप्पांची होती, तुझी आहे, माझी आहे, आणि शिवांगी जन्मली तेव्हा सुईण सोडून सगळ्यांनी दात यायची वाट पाहिली. लेप लागला, आरसा हातात आला. अक्का, आरशात एक गृहस्थ होते. सभ्य, नीटनेटके, बँकेत मॅनेजर असावेत. मी त्यांना नमस्कार केला, त्यांनीही केला. पण पुढे बोलायला आमच्यात विषय निघेना.

गुरुवारी दत्ताच्या देवळात आपले भजन. तीस वर्षे मी पुढे म्हणतो आणि मानाजी तबल्यावर. "सद्गुरुराया" घेतले. मी "स" म्हटला, आणि काहीच झाले नाही. म्हणजे "स" बाहेर आला, शुद्ध आला, रेडिओवर येतो तसा आला, पण मानाजीचा हात वरच राहिला. मी पुढे गेलो, टाळवाले माझ्यामागे धावले, पेटी वेगळ्या गल्लीत शिरली, आणि दुसऱ्या ओळीत सगळे थांबून एकमेकांकडे बघू लागले. मानाजी म्हणाला, "मास्टर भिया, आज सम कुठे ठेवून आलात?" तेव्हा उलगडा झाला. माझ्या फटीतून "स"बरोबर जी बारीक शिट्टी निघते ना, तिच्यावर हा माणूस तीस वर्षे सम धरतो आहे. मला माहीत नव्हते. त्यालाही माहीत नव्हते. त्याला वाटत होते की आपली लय जन्मजात आहे. बिचारा फार खचला. आरती आम्ही नुसत्या टाळ्यांवर उरकली, आणि प्रसादाच्या वेळी तो माझ्या तोंडाकडे असा बघत होता, जसा माणूस कुलूप लावलेल्या दुकानाकडे बघतो.

शुक्रवारी दुपारी जेवून पडलो आणि स्वप्न पडले. तू म्हणशील, चौकशी सांग, स्वप्ने नकोत. पण हे चौकशीतच येते. स्वप्नात मांडूच होते, आणि पाणी अगदी काठोकाठ. महालाच्या गच्चीवर खूप माणसे जमली होती, लग्नाचे कपडे घातलेली, आणि सगळ्यांचे दात एकसारखे, पहिल्या काडीचे. कुणी बोलत नव्हते, नुसते हसत होते, आणि खाली पाण्यात त्यांची दुसरी रांग उलटी हसत होती. मला कुणी ओळखीचे सापडेना. मग पलीकडच्या काठावर आप्पा दिसले. धोतर खोचलेले, हातात छत्री, आपल्याला शोधताहेत. आठवते ना, मुंज तलावावर खेळताना दिवेलागण झाली की ते काठावर उभे राहून फटीतून शिट्टी घालत, लांब, मग दोन आखूड, आणि आपण दोघे कुठेही असलो तरी तोंडातल्या तोंडात तशीच शिट्टी देऊन धावत सुटायचो? स्वप्नात त्यांनी शिट्टी घातली. मी उत्तर द्यायला ओठ केले. वाराच निघाला. पुन्हा केले, पुन्हा वारा. आप्पांनी जरा वाट पाहिली, छत्री उघडली आणि "इथं नसतील पोरं," असे स्वतःशीच म्हणून चालू लागले. मी जागा झालो तेव्हा जया उशाशी उभी होती. म्हणाली, "काय फुंकताय एवढं? चूल पेटवताय?"

तर अशी ही माहिती. थोडक्यात, पोर्सिलेन दिसायला सरस, टिकायला सरस, पण घासलेला दात पुन्हा वाढत नाही, त्याला पुढे आयुष्यभर काही ना काही पांघरूण लागते. कॉम्पोझिट साधे, स्वस्त, आणि मन बदलले तर बरेचसे उतरवता येते. एकवीस दिवसांत दोन्ही होऊ शकते. दोन्ही जाती चांगल्या आहेत, डॉक्टर दोन्हींना नावे ठेवत नाही, मग मी कोण ठेवणार? निर्णय तू आणि दाजीसाहेबांनी घ्यावा. मी सांगितलेले काम केले, लेखी केले, आणि एकदाही खिडकीबाहेर पाहिले नाही. (पोपट आज आलेला नाही.)

थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि लग्नघराला दृष्ट न लागो. लोभ आहेच, तो लग्नाच्या धावपळीतही राहू द्यावा.

तुझा धाकटा भाऊ,
गोपाळ

ता. क. माझा लेप काल शनिवारी उतरवला. तुटलेला कोपरा तेवढा कॉम्पोझिटने भरून घेतला, सहाव्या काडीचा. फट होती तशी ठेवली. संध्याकाळी मानाजी मुद्दाम घरी आला, म्हणाला, "एकदा 'स' म्हणा भिया." म्हटला. डोळे मिटून मांडीवर ठेका धरून बसला होता, चहा गार झाला.

दुसरा ता. क. केवळ रंगाच्या अभ्यासासाठी, परत करण्याआधी ती पट्टी मी साखरपुड्याच्या फोटोतल्या सगळ्यांना लावून पाहिली होती. विहीणबाईंचे पुढचे सहाही दात एकाच काडीचे निघाले. कृतिकाला तो फोटो दाखवला, तर म्हणाली, सर, माणसाचे सहा दात कधी एका रंगाचे नसतात, हे इंदूरचं काम आहे, पोर्सिलेन, छान केलंय. हे तुला नुसते कळवतो. कुणाला सांगू नकोस. त्यांनाही कुणीतरी पेढा भरवता भरवता काही म्हटले असेल.

तिसरा ता. क. खरे पत्र इथून आहे. तू शिवांगीला पहिली पत्रिका धारेश्वराला ठेवायला पाठवलेस, ती काल सकाळी आली, पत्रिका देवापुढे ठेवली, आणि म्हणाली, "मामा, मुझे भी वो लेप लगा के देखना है." म्हणून मी तिला बरोबर नेले. माझा उतरला, तिला लागला. कृतिकाने आरसा दिला. पोरीने खूप वेळ पाहिले. अक्का, खोटे लिहीत नाही, फार सुंदर दिसत होती, कॅलेंडरवर असतात तशी. मी म्हटले, छान. तिने आरसा आणखी जवळ घेतला. मग एकदम तोंडावर हात धरला, अगदी तू धरतेस तसा, आणि हाताआडून म्हणाली, "मामा, मी आईसारखी दिसत नाही आता." तिथल्या तिथे उतरवायला लावला. कृतिका म्हणाली, फट कोई बीमारी थोड़ी है, घासायची घाई कशाला. पण गुरुवारची वेळ तू घेतलेली आहे, आणि तुला नाही म्हणायचा तिला धीर होत नाही. तुझी झोप गेली आहे, आणखी कशी घालवू, म्हणते. म्हणून मी लिहितो. ती वेळ मोड. तिला स्वतःला कधी वाटले, तर दवाखाने कुठे पळून जात नाहीत.

तू का घाबरतेस, ते मला माहीत आहे. तुझ्या लग्नात आप्पांनी मंगलाष्टक म्हणताना पहिल्याच कडव्याच्या "सावधान"ला अशी काही शिट्टी घातली, की बाहेरच्या बँडवाल्यांना ती खूणच वाटली. त्यांनी वाजवायला सुरुवात केली, लोकांनी सगळ्या अक्षता टाकल्या, अंतरपाट धरणाऱ्यांनी तो सोडून दिला, आणि तुझे लग्न मुहूर्ताच्या सहा मिनिटे आधी लागले. वऱ्हाडी पोट धरून हसले. तू अठ्ठावीस... छे, अडतीस वर्षे फोटोत तोंडावर पदर धरून उभी आहेस. पण अक्का, दाजीसाहेबांना विचारून बघ. अंतरपाट अचानक पडला तेव्हा तू दचकून हसली होतीस, आणि त्यांनी तुला पहिल्यांदा पाहिले ते तसे. त्यांनी मला हे मांडूच्या सहलीत सांगितले होते, आणि तुला सांगू नको म्हणाले होते, म्हणून मी इतकी वर्षे फक्त खिडकीबाहेर बघत बसलो.

चौथा ता. क. मंगलाष्टके रेकॉर्डवर लावायची असे तू ठरवले आहेस, असे शिवांगीकडून कळले. रेकॉर्ड राहू दे. शेवटचे कडवे मामा म्हणेल. बँडवाल्यांना मी स्वतः आधी भेटून समजावीन. आणि फोटोग्राफरने "हसा" म्हटले की तू, मी आणि ती, तिघांनी हात खाली ठेवायचे. माझी मागणी एवढीच.

शिवांगीला तीनची बस आहे. तीच हे पत्र घेऊन येते आहे. माझ्या खांद्यावरून वाचायचा प्रयत्न करून थकली ("मामा, इतना लंबा? जोडाक्षरं कितीयेत!"), तेव्हा तूच तिला मोठ्याने वाचून दाखव. पहिली पाने वगळलीस तरी चालेल, दुसरा ता. क. मात्र वगळच. आणि हे पाकिटावरही लिहितो आहे: दारात पोचली की आधी तिला हसायला सांग आणि मग पाकीट फोड.